कोणी मोजलं?

उड्डाणशाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही चौघं नवे विद्यार्थी हँगरमध्ये ओळीने उभे होतो. चौघांच्या अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. समोर पन्नाशीची एक बुटकी बाई उभी होती. केस पुरुषांसारखे कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत चामड्याची एक जाड उशी. ती उशी कशासाठी हे दोन दिवसांनी कळलं. उशीवर बसल्याशिवाय त्यांना विमानाच्या काचेतून पुढचं दिसायचं नाही. पण तेव्हा हसायची कोणाची छाती नव्हती.

"पायलट का व्हायचंय?" त्यांनी पहिल्याला विचारलं.

"लहानपणापासूनचं स्वप्न आहे, मॅडम."

"मॅडम नाही, बाई म्हणायचं. स्वप्न झोपेत पडतं. झोपाळू माणसाला मी विमान देत नाही. पुढचा."

पुढचा म्हणाला, "मला आकाशाची ओढ आहे."

"मग गच्चीवर जा. तिथून जास्त दिसतं. पुढची."

पुढची म्हणजे मी. माझी तयार करून आणलेली दोन्ही उत्तरं संपली होती. मी म्हटलं, "मला चांगली नोकरी हवी आहे. एअरलाइनची."

बाईंनी मला खालून वर बघितलं. "ही निदान खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. पुढे दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

चौथा मुलगा विचारायच्या आधीच हसत होता. त्याचा चेहराच तसा होता, ओठ मिटले तरी हसू मिटायचं नाही. पुढे आम्ही त्याला हसऱ्याच म्हणू लागलो. तो म्हणाला, "चाकं जमिनीला लागतात ना, बाई, तो आवाज मला आवडतो."

"कुठे ऐकलास?"

"कुंपणाबाहेरून. सहा वर्षं."

बाईंनी उशी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाल्या, "उद्यापासून चौघांनी विमानाचं पोट धुवायचं."

चौदा दिवस आम्ही विमानाचं पोट धुतलं. फरशीवर उताणं पडून, तोंडावर काळं तेल ठिबकत असताना, चिंध्यांनी. मग पंखांच्या कडेला चिकटून वाळलेले किडे नखांनी खरवडायचे. पांढरे शर्ट तिसऱ्या दिवशी पोतेऱ्याच्या लायकीचे झाले. नवव्या दिवशी स्वप्नवाला मुलगा आलाच नाही. बाईंनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ मारली आणि म्हणाल्या, "लवकर सुटला."

वरच्या तुकडीने बाईंचं नाव कानस ठेवलं होतं. विमानं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या पेटीत एक खरबरीत कानस होती. तिने पत्रा घासला की दातांना शिरशिरी यायची. कानसबाईंचा आवाज तसा होता. हँगरच्या या टोकाला बोलल्या तरी त्या टोकाला कळायचं आज कोणाची चामडी सोलली जातेय.

"एअरलाइनमध्ये तुमच्या पाठीमागे दोनशे माणसं बसणार," त्या सांगायच्या. "त्यातल्या एकालाही तुमची हौस माहीत नसते. त्याला घरी जायचं असतं. तुम्ही रोज तीच यादी, त्याच क्रमाने, तेच शब्द वापरून वाचायची. चाळीस वर्षं. ज्याला वाटतं की आज काय वाचायचं, पाठ तर आहे, त्याने आत्ताच दार बघावं. दार तिकडे आहे."

प्रत्येक उड्डाणानंतर त्या एकच विचारायच्या, "आज काय चुकलं?" काहीच चुकलं नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्या वहीत तो तास लिहायच्या नाहीत. पायलट व्हायला दोनशे तास लागतात, त्यामुळे एकेक तास आम्हाला जिवापलीकडचा. म्हणून आम्ही शेंगा सोलाव्यात तशा स्वतःच्या चुका सोलून त्यांच्यापुढे ठेवायचो. हसऱ्याला हे छान जमायचं. तो दोन-तीन गोंडस चुका आधीच ठरवून ठेवायचा. माझ्या चुका ठरवाव्या लागत नव्हत्या.

एकदा आम्ही हजार फुटांवर होतो. बाईंनी न सांगता इंजिनाचा दांडा मागे ओढला. आवाज एकदम बसला. "इंजिन गेलं," त्या म्हणाल्या. "आता?"

मला सगळं पाठ होतं. वेग सांभाळायचा, शेत निवडायचं, पेट्रोलचा खटका बघायचा. पण हात मांडीवरच राहिले. बाईंनी हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. शेतातली झाडं मोठी होत गेली. अगदी फांद्या दिसायला लागल्यावर त्यांनी दांडा पुढे ढकलला.

"मेलीस," त्या म्हणाल्या. "मीही मेले. आता खाली गेल्यावर माझ्या वडिलांना काय सांगायचं ते तू ठरव. अंथरुणाला खिळलेत, त्यांना हळू आवाजात सांग."

मी त्या दिवशी शाळेच्या संडासात बसून रडले. बाहेर आले तर हसऱ्या दाराशी उभा. "मुंगे," तो म्हणाला, "तुला जमिनीवर सगळं येतं. आता तेच वर घेऊन जायचं. एवढंच." मी विमानाभोवती वाकून वाकून तपासत फिरायचे म्हणून त्याने मला मुंगी केलं होतं. मग त्याने तीन दिवस रोज मला हँगरमधल्या जुन्या खुर्चीवर बसवलं, मागून टाळी वाजवून "इंजिन गेलं!" म्हणून ओरडायचा आणि मी हवेत हात मारून सगळा क्रम करून दाखवायचे. चौथ्या दिवशी वर गेले तेव्हा हात आपोआप चालले. बाईंनी तो तास लिहिला.

बाई अशा का, यावर आमच्यात पुष्कळ गप्पा व्हायच्या. कोणी म्हणे नवऱ्याने टाकलंय. कोणी म्हणे एक विद्यार्थी मेला होता, तेव्हापासून. मी एकदा मिस्त्रीकाकांना विचारलं. ते स्पार्क प्लग पुसत होते. म्हणाले, "कोणी मेलं नाही, कोणी टाकलं नाही. मी बावीस वर्षं बघतोय. ती आधीपासून अशीच." मग प्लग खाली ठेवून म्हणाले, "एअरलाइनला पाच वेळा अर्ज केला होता. दोनदा उंची कमी म्हणून उडवलं. मग वय गेलं. नऊ हजार तास झालेत तिचे, सगळे याच धावपट्टीभोवती."

हसऱ्याचा हात मात्र देवाने वेगळा घडवला होता. त्याने विमान टेकवलं की कळायचं नाही कधी टेकलं. बाई त्याच्या शेजारी बसून खाली यायच्या तेव्हा गप्प असायच्या, आणि त्यांचं गप्प असणं म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं. वरच्या तुकडीची मुलंही म्हणायची, हा एअरलाइनमध्ये सगळ्यांच्या आधी जाणार.

त्याच्या एकट्याच्या लांब उड्डाणाचा दिवस आला. तीन गावांवरून तीन तासांचा फेरा, शेवटचा टप्पा डोंगरावरून. अशा दिवशी एका विद्यार्थ्याने उडणाऱ्याला मदत करायची असा शाळेचा रिवाज होता. मदतीला मी होते. सकाळी सव्वासहाला तो हवामानाचा कागद आणायला ऑफिसात गेला. जाताना म्हणाला, "मुंगे, टाक्या तेवढ्या मोजून ठेव. आलोच."

टाक्या पंखांमध्ये असतात. शिडी लावून वर चढायचं, झाकण उघडायचं, मोजकाठी आत घालायची, बाहेर काढून ओल्या खुणेवरचा आकडा वाचायचा. दोन्ही बाजूंना. पाच मिनिटांचं काम. आतला काटा बघून उपयोग नव्हता. त्या विमानाचा काटा मनाला येईल तिथे उभा राहायचा.

शिडी दुसऱ्या टोकाला होती. थंडी होती. आदल्या संध्याकाळी मीच ते विमान उडवून आणलं होतं, नंतर दोन्ही टाक्यांत सत्तर-सत्तर लिटर भरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रात्रभर बंद हँगरमध्ये पेट्रोल कुठे जाणार? मी कागदावर डावीकडे ७० आणि उजवीकडे ७० लिहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मनाला काही टोचलंही नाही. कोणी वाईट काम करताना छातीत धडधडतं म्हणतात. माझ्या छातीत काही झालं नाही.

हसऱ्या धावत आला. "झालं?"

"झालं."

त्याने कागदाखाली सही केली. "इंधन मोजून पाहिले" या ओळीखाली.

तेवढ्यात बाई आल्या. त्या सहसा दुरून बघायच्या. त्या दिवशी शिडी स्वतः ओढत आल्या, उजव्या पंखावर चढल्या, झाकण काढलं आणि काठी आत घातली. काठी बाहेर काढून त्यांनी बराच वेळ बघितली. मग खाली उतरून काठी आमच्या नाकासमोर धरली. ओली खूण पंचविसावर होती.

मिस्त्रीकाकांनी आदल्या संध्याकाळी आमच्यामागून उजव्या टाकीचा गळका व्हॉल्व्ह बदलला होता. त्यासाठी इंधन काढलं होतं, सकाळी भरायचं म्हणून. तशी नोंद त्यांच्या वहीत होती. ती वही आमच्यापैकी कोणी उघडली नव्हती.

"कोणी मोजलं?" बाईंनी विचारलं.

हसऱ्या म्हणाला, "मी."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या स्वतः हवामानाच्या ऑफिसावरूनच आल्या होत्या. तो तिथे खिडकीशी उभा असलेला त्यांनी पाहिला असणारच. मला हे तेव्हाच कळलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

"कोणी मोजलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज खाली होता. कानसबाईंचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मीच, बाई. घाईत चूक झाली."

मी शिडीच्या पायरीकडे बघत होते. तिसऱ्या पायरीवरचा रंग उडालेला होता आणि आत गंज दिसत होता. अजूनही ती पायरी मला तशीच्या तशी आठवते.

"शेवटचं विचारते. कोणी मोजलं?"

"मी."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सतरा मिनिटं. उतरायच्या सतरा मिनिटं आधी तुझं इंजिन बंद पडलं असतं, डोंगरावर. सामान आवर. तुझं उड्डाण संपलं."

आम्हाला वाटलं, आजचं संपलं. दुपारी नोटीस लागली तेव्हा कळलं, कायमचं. शाळेच्या दाखल्यावर बाईंनी एक ओळ लिहिली होती: इंधन न मोजता मोजल्याची सही केली आणि विचारल्यावर तीनदा खोटे बोलला. ती ओळ वाचून कुठलीही उड्डाणशाळा कोणालाही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती रुग्णालयात नर्स होती, ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढऱ्या कपड्यांत. मी हँगरमध्ये पंख पुसत होते. ऑफिसचं दार उघडं होतं.

"पोर आहे हो," ती म्हणत होती. "बापाविना वाढलंय. एक चूक पोटात घाला."

"तुम्ही नर्स आहात ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"औषध न मोजता सुई भरता?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"आणि वरच्या नर्सने विचारलं, किती भरलं, तर न मोजता आकडा सांगता? तीनदा?"

"नाही."

"मग त्याला घरी घेऊन जा. जिवंत आहे तोवर घेऊन जा. दुसऱ्या आयांना मी हे सांगू शकत नाही."

ती उठली. दारातून बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू नीट शीक हो, पोरी." हसऱ्याने घरीही सांगितलं नव्हतं. मी पंख पुसत राहिले.

तीन दिवस मी जेवले नाही असं लिहिलं तर छान वाटेल. पण मी जेवले. झोपलेसुद्धा. चौथ्या दिवशी दुपारी बाईंच्या घरी गेले. धावपट्टीमागच्या वसाहतीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंगावर त्यांचे वडील, गळ्याभोवती टॉवेल, आणि बाई त्यांची दाढी करत होत्या. साबणाचा फेस, हातात वस्तरा. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"बाई, टाक्या मी मोजणार होते. मोजल्या नाहीत. आकडे माझे आहेत."

"माहीत आहे. सातच्या पोटात आडवी रेघ तूच मारतेस." त्यांनी वडिलांची हनुवटी वर केली. "हलू नका, अण्णा."

"मग त्याला का काढलंत?"

"त्याने सही केली. दुसऱ्याच्या शब्दावर. उद्या एअरलाइनमध्ये बसून हेच करेल. आणि तोंडावर खोटं बोलला."

"माझ्यासाठी बोलला."

"कोणासाठीही बोलो. विमानाला नातीगोती कळत नाहीत."

"मला का नाही काढलंत?"

"कागदावर तुझी सही नव्हती. मी कागदावरच्या माणसालाच काढू शकते." वस्तरा त्यांनी वाटीतल्या पाण्यात बुडवला, झटकला. "मी तीनदा का विचारलं, माहीत आहे? त्याच्यासाठी नाही विचारलं. पहिल्यांदा तू बोलली असतीस तर दोघांना महिनाभर पोट धुवायला लावून ठेवून घेतलं असतं. दुसऱ्यांदा बोलली असतीस तरीही. तिसऱ्यांदा बोलली असतीस तरीही."

"मी लेखी देते," मी म्हटलं.

"दे. पण समजून दे. तुझ्या लिहिण्याने तो परत येणार नाही, त्याचं खोटं त्याने बोललेलं आहे. तू मात्र जाशील. कागद टेबलावर आहे, पेन शेजारी."

म्हातारा माझ्याकडे टुकूटुकू बघत होता, अर्ध्या गालावर फेस. मी टेबलाकडे बघितलं. कागद खरंच होता. मी नमस्कार केला आणि बाहेर पडले. बाईंनी हाक मारली नाही.

पुढे त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. टोमणासुद्धा नाही. मला त्या पूर्वीसारखंच सोलत राहिल्या, ना कमी ना जास्त. हसऱ्याच्या ठरलेल्या उड्डाणांच्या वेळा रिकाम्या झाल्या होत्या, त्या उरलेल्या आम्हा दोघांत वाटल्या गेल्या. त्याचे एकोणीस तास माझ्या वहीत आले. मी त्या तासांत डोंगरावरूनही गेले.

दोनशे तास झाले, परीक्षा झाल्या, परवाना आला. एअरलाइनने मुलाखतीला बोलावलं. आधी यंत्रातली परीक्षा होती, खोट्या विमानात, आणि त्यांनी तिथे इंजिन बंद पाडलं तेव्हा माझे हात आपोआप चालले. मग तिघांसमोर बसवलं. दोन कॅप्टन, एक मानसशास्त्राच्या बाई. मधल्या कॅप्टनचे केस पिकलेले, बोलणं मऊ.

"तुमच्या हातून झालेली एक मोठी चूक सांगा," ते म्हणाले. "जिची झळ दुसऱ्याला लागली."

हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत असतं. माझं उत्तर तयार होतं. एकदा मी रेडिओची चुकीची वाहिनी लावली आणि दुसऱ्या विमानाला दोन मिनिटं घिरट्या घालाव्या लागल्या, मग मी लगेच कबूल केलं, त्यातून मी अमुक शिकले. मानसशास्त्राच्या बाईंनी मान डोलावली.

कॅप्टननी फायलीतून एक पाकीट काढलं, आतला कागद वाचला, घडी घातली. "आणखी एखादी? याहून मोठी?"

"नाही, सर. हीच."

"विचार करून सांगा. वेळ आहे आपल्याकडे."

"नाही, सर."

त्यांनी फाईल मिटली. आठ दिवसांनी नकार आला. कारण एका ओळीचं होतं: वृत्ती अयोग्य.

मी ते पत्र घेऊन थेट शाळेत गेले. बाई फळा पुसत होत्या. त्यांनी पत्र वाचलंच नाही. कपाटातून एक कार्बन प्रत काढून माझ्यापुढे टाकली. एअरलाइनने मागवलेली गुप्त शिफारस होती ती. त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: 'हात चांगला, अभ्यास चांगला. एकदा इंधन न मोजता आकडा लिहिला आणि दुसऱ्याला त्यावर एकटं उडायला जाऊ दिलं. त्याला काढलं तेव्हा गप्प राहिली. चौथ्या दिवशी मला येऊन सांगितलं, लेखी दिलं नाही. तिला चूक विचारा. स्वतःहून हे सांगितलं तर घ्या. नाही सांगितलं तर घेऊ नका.'

"तुम्ही मला खड्ड्यात घातलंत," मी ओरडले.

"मी काय घालणार? तुला फक्त खरं बोलायचं होतं. त्यांनी तुला किती वेळा विचारलं?"

त्यांना उत्तर नकोच होतं. त्या पुन्हा फळा पुसायला लागल्या.

एअरलाइनला पुन्हा अर्ज करायला वर्ष थांबावं लागतं. ते वर्ष मी त्याच शाळेत काढलं, नव्या मुलांना पोट कसं धुवायचं ते दाखवत आणि त्यांच्या मोजलेल्या टाक्या स्वतः पुन्हा मोजत. एका मुलीला मी शिडीवरून खाली ओढलं होतं, दंडाला धरून, तिने काठी न पुसता दुसऱ्यांदा बुडवली म्हणून. ती रडली. बाई दुरून बघत होत्या.

दुसऱ्या मुलाखतीला तेच पिकल्या केसांचे कॅप्टन होते. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगायला सुरुवात केली. थंडी, शिडी, सत्तर-सत्तर, तीनदा विचारलेला प्रश्न, नर्स, टेबलावरचा कागद. सगळं.

"लेखी का दिलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"भीतीने."

"कशाच्या?"

"इथे या खुर्चीत बसायला मिळणार नाही, याच्या."

मानसशास्त्राच्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला आवडली नाही, आणि त्यांना मी आवडले नाही हेही दिसत होतं. तरी त्यांनी मला घेतलं.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बाईंचा परवाना गेला. त्यांनीच घालवला. वार्षिक तपासणीला त्या स्वतःहून डॉक्टरांना म्हणाल्या, डाव्या कानाने रेडिओ नीट कळत नाही. डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे, ते म्हणाले, अजून वर्षभर कोणाच्या लक्षातही येणार नाही, राहू दे. बाई म्हणाल्या, लिहा. त्यांनी लिहिलं. त्या संध्याकाळी कानस गेली म्हणून विद्यार्थ्यांनी हँगरमध्ये केक कापला. मिस्त्रीकाकांनी मला फोनवर सांगितलं, "हिला आत बोलवून एक तुकडाही दिला कार्ट्यांनी. तिने खाल्ला." शाळेच्या मालकांनी त्यांना फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला बसवलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या त्याच चामड्याच्या उशीवर बसल्या होत्या, फाटकाच्या खोलीत. वडील गेले होते. मी डाव्या बाजूने बोलले तर त्यांनी हाताने मला उजवीकडे ये म्हणून खुणावलं.

"त्या मुलाला भेटलीस का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भीतीने," त्या स्वतःच म्हणाल्या. मग खणातून एक पत्ता काढला. "दर वर्षी मी त्याला पत्र टाकते. 'मी खोटं बोललो' एवढी एक ओळ लिहून दे, मी मालकांकडून दाखला बदलून देते, दुसऱ्या शाळेत सांगते. उत्तर देत नाही. वय निघून चाललंय त्याचं. तू जा."

पत्ता एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलचा होता. अरुंद रस्ता, एका बाजूला टायरची दुकानं, दुसऱ्या बाजूला मुलांच्या शाळेची भिंत. तो फुटपाथवर एका छोट्या गाडीला टेकून उभा होता, हातात वेळापत्रकाचं पुठ्ठ्यावर लावलेलं पान. जाडा झाला होता. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"मुंगी," तो म्हणाला. हसू तसंच होतं. ते चेहऱ्याचंच होतं ना, जाणार कुठे.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगायला लागले. माफीचं, मुलाखतीचं, बाईंच्या पत्रांचं.

"पत्रं आई फाडते," तो म्हणाला. "मी एकही वाचलं नाही."

"मग आता लिहून दे. मीही लिहून देते. आजच. दोघं मिळून जाऊ."

"मुंगे, मला दोन मुलं आहेत. सकाळी सहा ते दहा आणि चार ते आठ मी या गाडीत असतो. कुठे जाऊ?"

"तू का नाही सांगितलंस तेव्हा? माझं नाव?"

तो पुठ्ठ्यावरच्या पानाकडे बघत होता. "तू बोलशील असं वाटलं मला," तो म्हणाला. "पहिल्याला नाही, पण दुसऱ्याला तरी. तिसऱ्याला तर मला खात्रीच होती. मी म्हटलं, आता बोलेल."

तेवढ्यात गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या मध्यमवयीन बाईने काच खाली करून विचारलं, "सर, चालू करू का?"

"करा, करा," तो म्हणाला आणि पलीकडच्या दाराने आत बसला. त्याच्या पायाशी ब्रेकचं वेगळं पेडल होतं. मग खिडकीतून मान बाहेर काढून मला म्हणाला, "मागे उभी राहू नकोस. या रिव्हर्स शिकतायत."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. गाडी आचके खात मागे आली, थांबली, पुन्हा आचका खाऊन पुढे गेली. तो तिला अजिबात ओरडत नव्हता.